बिटवॉर्डन की कीपास: पडदा न पाहता काम करणाऱ्याने पासवर्डची तिजोरी निवडताना

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आधाराने संगणक वापरणाऱ्याने सोळा अक्षरांचा एखादा अर्थहीन पासवर्ड कधी ऐकून टंकला असेल, तर त्याला पासवर्ड मॅनेजरची, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणाऱ्या कार्यक्रमाची, गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. ‘कॅप टी, कॅरेट, सात, टिल्ड’ असे एकेक अक्षर ऐकायचे, ते ध्यानात ठेवून दुसऱ्या खिडकीत जायचे आणि तिथे टंकायचे. टंकताना एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर प्रत्येक कळीला केवळ ‘स्टार’ म्हणतो, त्यामुळे चूक झाली तरी ती कळायला मार्ग नसतो. दोनदा फसले की माणूस जवळ बसलेल्याला म्हणतो, ‘जरा वाचून दाखव,’ आणि पासवर्डची गुप्तता तिथेच संपते. म्हणून कूटलेखनाची, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलण्याची, ताकद तपासण्याआधी मी एक गोष्ट पाहतो: कोणालाही न बोलावता, नेहमीच्या दिवशी आणि अडचणीच्या दिवशीही, ही तिजोरी मला एकट्याला वापरता येते का?

बिटवॉर्डन आणि कीपास हे दोन्ही पर्याय मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांची आज्ञावली कोणालाही वाचता येते. कीपास डॉमिनिक रायशल यांनी 2003 मध्ये आणला. तो मुळात विंडोजचा कार्यक्रम आहे, पण त्याच प्रकारची फाइल वापरणारा कीपासएक्ससी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि अँड्रॉइडसाठी कीपासडीएक्स आहे, त्यामुळे कीपास हे आता एका कुटुंबाचे नाव झाले आहे. बिटवॉर्डन 2016 मध्ये काइल स्पियरिन यांनी सुरू केला. त्यामागे कंपनी आहे, खाते उघडावे लागते, आणि मूलभूत सोयी विनामूल्य असून काही सोयी सशुल्क आहेत. आज्ञावली सर्वांसाठी खुली असली म्हणजे ती कोणी तपासलीच आहे असे होत नाही, त्यामुळे बाहेरच्यांनी केलेल्या तपासणीला महत्त्व आहे. कीपासची 1.31 ही आवृत्ती 2016 मध्ये युरोपीय संघाच्या एका प्रकल्पात तपासली गेली, तर बिटवॉर्डनची तपासणी 2018 मध्ये क्युअर53 या संस्थेने केली. खुलेपणाचा खरा उपयोग 2024 मध्ये दिसला. बिटवॉर्डनच्या एका अंतर्गत घटकाचा परवाना पूर्णपणे मुक्त नसल्याचे वापरकर्त्यांनी दाखवून दिले आणि कंपनीने तो बदलला.

या दोघांतला मूळ फरक तिजोरी कोठे राहते हा आहे. कीपासमध्ये ती तुमच्या संगणकावरची एक कूटबद्ध फाइल असते. तिला खाते लागत नाही, सर्व्हर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. बिटवॉर्डनमध्ये तिजोरी तुमच्या यंत्रावरच कूटबद्ध होते आणि मग सर्व्हरवर ठेवली जाते, त्यामुळे ती उघडणारा मुख्य पासवर्ड कंपनीला कळत नाही. तरीही सर्व्हरवर ठेवलेली वस्तू चोरीला जाऊ शकते, हे लास्टपास या मुक्तस्रोत नसलेल्या पासवर्ड-सेवेच्या 2022 मधील प्रकरणाने जगाला दाखवले. तिथून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरल्या गेल्या, आणि त्यांतील संकेतस्थळांचे पत्ते तर कूटबद्धही नव्हते. बिटवॉर्डन पत्तेही कूटबद्ध करतो. अशा चोरीनंतर तुमचे रक्षण मुख्य पासवर्डच्या बळावरच अवलंबून राहते. तो सहा यादृच्छिक शब्दांचा ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. 7776 शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले सहा शब्द सुमारे 77 बिटांचे बळ देतात आणि शब्द म्हणून कानाने चटकन पाठ होतात, जे चिन्हांच्या माळेबाबत कधीच होत नाही.

फाइल स्वतःकडे असण्याचे समाधान मोठे आहे, पण त्यासोबत येणारी जबाबदारी लेखांमध्ये फार हलकी करून सांगितली जाते. फोन आणि संगणक दोन्हींवर तिजोरी हवी असेल, तर ती फाइल सिंकथिंगसारख्या साधनाने किंवा एखाद्या क्लाउड फोल्डरमधून दोन्हीकडे सारखी ठेवावी लागते. दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाले की जवळजवळ सारख्याच नावाची दुसरी फाइल तयार होते, आणि फाइलींची यादी ऐकताना नावाच्या शेवटी जोडलेला तो भाग कानातून सहज निसटतो. मी एकदा तीन आठवडे जुन्याच प्रतीत नोंदी करत होतो. कीपासएक्ससीमध्ये दोन प्रती एकत्र करण्याची सोय आहे म्हणून काही गमावले नाही, पण तेव्हापासून महिन्यातून एकदा तो फोल्डर सावकाश ऐकण्याची शिस्त मी स्वतःला लावून घेतली आहे.

आता प्रत्यक्ष कळफलकाकडे वळू. विंडोजवरचा मूळ कीपास दिसायला जुनाट असला तरी त्याची नोंदींची यादी साधी आणि ओळखीची आहे. बाणाच्या कळीने नोंदीवर यावे, कंट्रोल-बी ने वापरकर्तानाव आणि कंट्रोल-सी ने पासवर्ड उचलावा, इतके सरळ काम आहे. त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये स्क्रीन रीडरसाठी मांडणी जुळवून घेण्याचा स्वतंत्र पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करावा. उचललेला पासवर्ड क्लिपबोर्डवरून मूळ सेटिंगनुसार 12 सेकंदांत पुसला जातो. डोळ्यांनी काम करणाऱ्याला एवढा अवधी पुरतो, पण पानातले योग्य रकाने ऐकत शोधणाऱ्याला तो अपुरा पडतो. ही मुदत थोडी वाढवणे म्हणजे सुरक्षेत तडजोड करणे नव्हे, कारण मुदत पुरली नाही तर माणूस पासवर्ड उघड्या मजकूरफाइलीत लिहून ठेवू लागतो.

याच कीपासमध्ये मुख्य पासवर्ड ‘सुरक्षित डेस्कटॉप’वर टंकण्याचा पर्याय आहे. कळा चोरून नोंदवणाऱ्या कार्यक्रमांना दूर ठेवण्यासाठी तो विंडोजचा एक वेगळा पडदा उघडतो, जिथे इतर कार्यक्रम पोहोचू शकत नाहीत. स्क्रीन रीडर हाही त्या इतरांपैकीच एक असतो, त्यामुळे तिथे तो मुका होतो. हा पर्याय मुळात बंद असतो, पण सुरक्षेविषयीचे सल्ले वाचून एखादा हितचिंतक तुमच्या संगणकावर तो उत्साहाने चालू करतो आणि तुम्ही तुमच्याच तिजोरीबाहेर उभे राहता. सुगम्यता वगळून केलेली सुरक्षा वापरकर्त्यालाच परका ठरवते, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

बिटवॉर्डनचा मुख्य वापर ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमधून, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या कार्यक्रमातून, होतो. कंट्रोल-शिफ्ट-वाय ने ते उघडते, आणि कंट्रोल-शिफ्ट-एल दाबले की समोरच्या पानात नाव व पासवर्ड भरले जातात. त्या स्थळासाठी दोन खाती असतील तर तीच कळ पुन्हा दाबल्यावर पुढचे खाते येते. आतली रचना वेबपानासारखी असल्याने नेहमीच्या कळांनी बटणे आणि रकाने गाठता येतात. अडचणी दोन आहेत. मजकूर भरला गेल्याचे मला बहुतेक वेळा ऐकू येत नाही, म्हणून वापरकर्तानावाच्या रकान्यात परत जाऊन एकदा खात्री करावी लागते. शिवाय एक्स्टेन्शनची छोटी खिडकी तिच्यावरून लक्ष हटताच मिटते, त्यामुळे नवी नोंद लिहिताना दुसऱ्या खिडकीत डोकावले तर अर्धवट काम जाण्याची भीती असते. लांब नोंदीसाठी ती वेगळ्या खिडकीत उघडण्याचे बटण वापरावे.

फसव्या संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र एक्स्टेन्शनचे पारडे स्पष्टपणे जड आहे. मूळ कीपासची आपोआप टंकण्याची सोय खिडकीच्या शीर्षकावरून नोंद ओळखते, आणि शीर्षक कोणतेही फसवे पान हुबेहूब ठेवू शकते. एक्स्टेन्शन पानाचा खरा पत्ता पाहते आणि तो जुळला नाही तर काही सुचवत नाही. पत्त्यातला एका अक्षराचा फेरफार वेगात ऐकताना हमखास सुटतो, तेव्हा कानाने काम करणाऱ्याला ही मूक नकाराची खूण फार मोलाची आहे. कीपासएक्ससीला त्याचे ब्राउझर एक्स्टेन्शन जोडले की हेच संरक्षण मिळते, म्हणून कीपास कुटुंबात राहायचे असेल तर ती जोडणी अवश्य करावी. कीपासएक्ससीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. मुख्य पासवर्डचा बराचसा भाग संगणकाच्या स्मृतीतून परत मिळवता येण्याचा दोष 2023 मध्ये मूळ कीपासमध्ये सापडला आणि 2.54 या आवृत्तीत दुरुस्त झाला. कीपासएक्ससीमध्ये तो दोष नव्हता.

दुहेरी पडताळणीत, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा पुरावा मागितला जातो तेव्हा, लागणारा दर 30 सेकंदांनी बदलणारा सांकेतिक अंक दोन्हींत ठेवता येतो. कीपासएक्ससीत कंट्रोल-टी ने तो उचलता येतो आणि त्यासाठी काही मोजावे लागत नाही, तर बिटवॉर्डनच्या तिजोरीत ही सोय सशुल्क योजनेत आहे. अंक ऐकून टंकण्यापेक्षा उचलून चिकटवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि जी संकेतस्थळे चिकटवण्यास बंदी करतात ती 2023 च्या वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या 2.2 आवृत्तीविरुद्ध वागतात. तक्रार करताना त्यातील निकष 3.3.8 चा उल्लेख करावा.

मुख्य पासवर्ड विसरलात तर दोन्हींपैकी कोणीही तो परत देऊ शकत नाही. बिटवॉर्डनमध्ये आणखी एक फास आहे. दुहेरी पडताळणी लावली नसेल तर नव्या यंत्रावरून प्रवेश करताना ईमेलवर आलेला अंक मागितला जातो, आणि ईमेलचा पासवर्ड तिजोरीतच असेल तर दोन्ही दारे एकाच वेळी बंद होतात. दुहेरी पडताळणी लावून तिचा पुनर्प्राप्ती-संकेत ब्रेलमध्ये किंवा तुम्हाला एकट्याने वाचता येईल अशा रूपात तिजोरीबाहेर ठेवावा.

फोन आणि संगणक दोन्ही रोज हाताशी असतील आणि फाइलींची निगा राखण्याची सवय नसेल, तर मी बिटवॉर्डन सुचवेन. एकाच संगणकावर काम चालत असेल, खाते उघडायचे नसेल, किंवा इंटरनेट वारंवार जात असेल, तर कीपासएक्ससी घ्यावा. बिटवॉर्डन इंटरनेटशिवाय आधीच्या नोंदी वाचू देतो, पण त्यांत बदल करू देत नाही. मात्र कायमचे ठरवण्याआधी दोन्हींत चार बिनमहत्त्वाची खाती भरावीत आणि कुलूप उघडणे, पासवर्ड भरणे, नवी नोंद करणे ही तिन्ही कामे घरात कोणी नसताना करून पाहावीत. पुढे मन बदलले तरी अडून राहावे लागत नाही, कारण बिटवॉर्डनमधून काढलेली जेसॉन फाइल कीपासएक्ससी वाचतो आणि कीपासची एक्सएमएल फाइल बिटवॉर्डन वाचतो. या फाइलींमध्ये सगळे पासवर्ड उघडे असतात, म्हणून स्थलांतर झाल्यावर फाइल पुसावी आणि रिसायकल बिनमध्ये तिचे नाव पुन्हा ऐकू येत नाही ना, तेही पाहावे.