अंदमानचं पॅकेज: फसवणूक पत्रिकेतच लिहिलेली होती

नागपुरातल्या नऊ जणांच्या एका गटाचे 2,47,500 रुपये गेले. माणशी 27,500, सहा रात्री, विमानासकट. एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली सहलीची चार पानी पत्रिका, पीडीएफ, अजून आहे, आणि ती नीट वाचली तर दुसऱ्याच पानावर थांबायला हवं होतं. ताडोब्याला नेहमी जाणाऱ्याला कोणी मंगळवारची कोअर सफारी विकायला आलं तर तो हसून हाकलेल, कारण मंगळवारी गेट बंद असतं हे त्याला पाठ आहे. अंदमानची गेटं मात्र आपल्याकडे कोणाला माहीत नसतात. एजंट त्यावरच जेवतो.

पहिल्या दिवशी लिहिलंय, "नागपूर ते पोर्ट ब्लेअर थेट विमान, सकाळी 8 आगमन." असं विमानच नाही. कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, कुठेतरी बदलावंच लागतं, आणि सकाळी आठला उतरायचं तर रात्र मधल्या विमानतळावर काढायची तयारी हवी. (शहराचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. पत्रिकेत जुनं नाव असलं म्हणून संशय घेऊ नका, बोलताना सगळे अजून तेच म्हणतात.) त्याखाली सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, सगळं चोख. मराठी गिऱ्हाईक ज्या ओळीवर आधी बोट ठेवतं, तेवढी ओळ नेमकी बरोबर.

खरी गंमत तिसऱ्या दिवसाची: "सकाळी 10 वाजता आरामात बाराटांगकडे प्रयाण, वाटेत जारवा दर्शन, दुपारी 3 पर्यंत हॉटेलवर परत." बाराटांग बेटाचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या जिरकाटांगच्या चौकीवर थांबतात, प्रत्येकाची नावं आणि ओळखपत्रं नोंदवली जातात, आणि ठरलेल्या वेळी पोलिसांच्या सोबतीने सगळा ताफा एकदम सुटतो. पहिला ताफा पहाटे 6 चा. तो गाठायचा तर पोर्ट ब्लेअरहून साडेतीनच्या सुमाराला निघावं लागतं, कारण चौकीवर रांग असते. पुढे जंगलातून सुमारे 50 किलोमीटर, मग मिडल स्ट्रेटला गाड्यांसकट पलीकडे नेणारी फेरीबोट, मग खारफुटीच्या खाडीतून स्पीडबोट, आणि शेवटी चुनखडीच्या गुहेपर्यंत पायपीट. परतीचा ताफाही ठरलेल्या वेळीच. दहाला निघून तीनला हॉटेलवर चहा प्यायचा हिशोब कुठूनच बसत नाही.

आणि "जारवा दर्शन" हे शब्द ज्या कागदावर आहेत तो कागद तिथेच बाजूला ठेवा. त्या रस्त्यावर गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं, सगळं गुन्हा आहे. आदिवासी संरक्षणाचं विनियमन 1956 पासूनचं आहे, आणि 2013 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने काही आठवडे पर्यटकांना हा रस्ताच बंद केला होता. पकडले गेलात तर अडकाल तुम्ही. एजंट इथे सीताबर्डीत बसलेला असतो.

चौथा दिवस, सोमवार: जॉली बॉय बेट. हे बेट वांडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि ते उद्यान सोमवारी बंद असतं. शिवाय जॉली बॉय आणि रेडस्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडी ठेवतात, त्यामुळे "दोन्ही बेटं एकाच दिवशी" असं कोणी लिहिलं तर तेही थाप.

पाचवा दिवस: "स्पीडबोटने निकोबार, संध्याकाळी परत." कार निकोबार पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 270 किलोमीटर दक्षिणेला, मध्ये टेन डिग्री चॅनलचा उघडा समुद्र. ते आदिवासी राखीव क्षेत्र आहे, प्रशासनाच्या पासशिवाय पाय ठेवता येत नाही, आणि सहलीसाठी तो पास मिळत नाही. पॅकेजवाले "अंदमान-निकोबार" म्हणतात ते नावापुरतं. खरी सहल अंदमानातच संपते. त्याच पानावर अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या फेरीबोटीपुढे फक्त "कन्फर्म" एवढंच लिहिलेलं, ना बोटीचं नाव, ना सीट नंबर.

आता पैसे कसे गेले ते. आधी 75,000 आगाऊ. मग "संध्याकाळी भाडं वाढतंय" असा फोन, आणि उरलेले दोन दिवसांत, 1,00,000 आणि 72,500, कारण यूपीआयची रोजची मर्यादा साधारण लाखाची. देताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा एका माणसाचं आलं. जीएसटी क्रमांकाची सुरुवात 07 ने, म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा कोड 27, अंदमानचा 35. त्या पंधरा अंकाक्षरांतलं सहावं अक्षर पी असेल तर नोंदणी एका व्यक्तीची, सी असेल तर कंपनीची. पत्रिकेवर "प्रायव्हेट लिमिटेड" आणि सहावं अक्षर पी. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव दिसतं, दोन मिनिटांचं काम.

गटाने विमानाचा पीएनआर मात्र तपासला होता. विमान कंपनीच्या साइटवर सगळी नऊ नावं दिसली, म्हणून तर पुढचे पैसे दिले. इथेच बहुतेक लोक फसतात. तिकीट खरं असतं. पैसे हातात पडले की एजंट ते रद्द करतो, आणि परतावा ज्या खात्यातून भरणा झाला त्याच खात्यात, म्हणजे त्याच्याकडे जातो. या गटाला वेब चेक-इन करताना कळलं, प्रवासाच्या दोन दिवस आधी. पीएनआर एकदा बघून भागत नाही, दर तीन-चार दिवसांनी बघा. त्याहून बरं म्हणजे विमानाचं तिकीट स्वतः काढा, स्वतःच्या कार्डावर, आणि एजंटाला फक्त तिथलं काम द्या. हॉटेललाही व्हाउचरवरच्या नंबरवर फोन करू नका, नंबर स्वतः शोधा, आणि "बुकिंग आहे का" असं न विचारता "पैसे भरलेत का" असं विचारा. आल्यावर पैसे द्यायच्या बोलीचं, फुकट रद्द होणारं बुकिंग दाखवणं हा जुना डाव आहे.

एक गोष्ट एजंटाच्या बाजूनेही. वादळात फेऱ्या बंद पडतात, 2016 च्या डिसेंबरात शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील या बेटांवर अडकले आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. अशा दिवशी बुडालेली सहल म्हणजे फसवणूक नव्हे.

पैसे गेल्याचं कळताच आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी धरून, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आला तरच हाती लागतो. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, तेही आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तिथे नुसते चालतीलच असं नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. ते ज्या फोनवर चॅट झालं त्याच्यासंबंधी असतं. तेव्हा दिवाळीच्या सेलमध्ये तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका.