आजेसासूंचा मरून रंगाचा स्वेटर, बाह्या कमी करून सहा महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हा विकतचा नाही, कुठे मिळेल विचारू नका. आजेसासूंनी सासऱ्यांसाठी विणलेला, गणपतीच्या साफसफाईत ट्रंकेच्या तळाला सापडला. मी त्यांना कधी बघितलं नाही, माझ्या लग्नाआधीच गेल्या. अंगात मस्त बसला पण बाह्या पार बोटांवर, तीन इंच तरी जास्त.

इथे साताऱ्यात एका टेलरने कापून ओव्हरलॉक मारतो म्हटलं, मी उठून आले. आधी एक धागा जाळून बघितला, केस जळल्याचा वास आला म्हणजे खरी लोकर, अॅक्रेलिक असतं तर वितळून गोळी झाली असती. बाही मनगटापासून वर विणलेली, त्यामुळे खालून उसवायला गेलं की उसवतच नाही, मग बॉर्डरच्या तीन इंच वर एकच टाका कापला (हात थरथरत होते खरंच), ती ओळ ओढून काढली, मोकळे टाके सुईवर घेतले आणि कापलेल्या तुकड्याचीच लोकर उसवून बॉर्डर खाली विणत आणली. उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी होते, लडी करून धुवून खाली वजन बांधून वाळवावी लागते.

पहिल्यांदा १० नंबरच्या सुया घेतल्या तर बॉर्डर ढगळ, १२ नंबरवर गेले (नंबर वाढला की सुई बारीक) तेव्हा कुठे आजेसासूंच्या विणीसारखी झाली. सासूबाई म्हणाल्या, त्यांचा हातच घट्ट, आमटीत मीठ पण मोजून. स्वेटरच्या पाठीवर विणीतली एक वेणी (टाक्यांचा पीळ) उलटी पडलीय आणि तिथून पुढच्या चार ओळी सैल आहेत, विणता विणता कोणीतरी हाक मारली असणार, दुसरं काय. मी ती वेणी सुधारणार होते, राहू दिली.

आता वापराचं. यवतेश्वर घाटात पहाटे स्कूटीवर वारं आत येत नाही, अजिंक्यतारा चढताना मात्र अर्ध्यात काढून कमरेला बांधावा लागतो. काखेत लोकरीचे गोळे येतात. धुताना रिठ्याचं कोमट पाणी, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवा पसरायचा, दोरीवर टाकला की लांबतो. तोटा एकच, जोड दिसतो. उलट दिशेने विणलं की टाके अर्ध्या टाक्याने सरकतात, साध्या विणीत कळलं नसतं, बॉर्डरच्या उभ्या रेघांत कळतं.

जानेवारीत कोपर विरलं. रफू करायला मॅचिंग लोकर बाजारात मिळेना, रंग जवळपासचे पण नवेकोरे दिसायचे. बाही उलटी केली तर काखेच्या शिवणीत आतून लोकरीची छोटी लडी टाचलेली! इतकी वर्षं स्वेटरबरोबरच धुतली गेलेली, तेवढीच विटलेली, त्यामुळे रफू शोधूनही सापडत नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. सासूबाईंनाही माहीत नव्हतं.

अजून हातभर उरलीय, परत तिथेच टाचून ठेवली.