निपाणीच्या वाड्यातली एलपी

बावीस हजार गेले. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘मग शेवटी मिळाले का?’ म्हणून कुणी खालपर्यंत वाचायला नको. मिळालेले नाहीत. लिहितोय ते एवढ्यासाठी, की जुन्या रेकॉर्डींचा नाद असलेली माणसं आता सांगली, बेळगाव, पुणे सगळीकडे वाढली आहेत, आणि आम्हाला गंडवणारा गृहस्थ काही कोल्हापुरात बसून राहिलेला नसणार.

आमची बैठक मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या माडीवर भरते. महिन्याचा पहिला रविवार, सहा-सात टाळकी. नियम साधा. प्रत्येकानं आवडीची एक एलपी आणायची, तिची एक बाजू पूर्ण वाजवायची आणि ती का आवडते ते सांगायचं. वाजत असताना बोलायचं नाही. (हा नियम वकीलसाहेब सोडून बाकी सगळे पाळतात.) मग चहा, भडंग आणि भांडणं. बँकेतून निवृत्त झालेले काका गायिका केसरबाई केरकरांचे भक्त. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, हे ते दर दोन बैठकांआड ऐकवतात, जणू पार्सल त्यांनीच बांधून दिलं होतं. शाहूपुरीतले डॉक्टर जॅझवाले. त्यांचा आवडता किस्सा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीचा. १९५९ साली ध्वनिमुद्रण करताना एक यंत्र किंचित मंद फिरत होतं, त्यामुळे एलपीची पहिली बाजू मूळ सुरापेक्षा थोडी चढी वाजायची. चूक दुरुस्त झाली १९९२ मध्ये. “म्हणजे तेहतीस वर्षं भले भले कानसेन चुकीच्या सुरावर माना डोलावत होते,” असं म्हणून डॉक्टर आमच्याकडे बघून हसायचे. हा किस्सा पुढं माझ्याच अंगाला चिकटणार होता.

माझं दैवत शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई. मन्सूर शिकले ते त्यांच्या मुलांकडे, आधी मंजीखाँ आणि मग भुर्जीखाँ. त्यामुळे माणूस धारवाडचा असला तरी आम्हा कोल्हापूरकरांना तो घरचाच वाटतो. त्यांची एक एलपी बाबांच्या संग्रहात होती. बदलीच्या सामानात कुठं गहाळ झाली ती झालीच. वकीलसाहेबांकडे तीच एलपी आहे आणि ते ती दरवर्षी एकदा बैठकीत लावतात. माझं तोंड बघायला, असा माझा संशय आहे.

तो फेब्रुवारीत आला. काकांच्या ओळखीच्या ओळखीतून. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. कामानिमित्त वर्षभर कोल्हापुरात आहे म्हणाला. पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी रेकॉर्डीला घालायची अँटिस्टॅटिक पाकिटं घेऊन आला, प्रत्येकी दहा. रेकॉर्ड धरायची तर तळव्यांमध्ये, फक्त कडांनी. खोबणीला बोट लागू द्यायचा नाही. जाणकार होता, यात शंका नाही. आणि त्याच्याकडे एक वही होती. कोण कुठली एलपी शोधतंय, ती का हवी, कुणाची कशी गेली, सगळं लिहून घ्यायचा. आम्हाला त्याचं अप्रूप वाटलं. घरात आमचं हे पुराण कोण ऐकतं? इथं एक माणूस चक्क टिपणं काढत होता. डॉक्टरांनी त्याला २०१९ च्या पुराची सगळी कहाणी सांगितली. तळमजल्यावरचं कपाट, चार दिवस पाणी, नंतर चिखलातून निघालेल्या रेकॉर्डी आणि हातात लगदा होऊन आलेली जॅकेट्स. तो म्हणाला, आमचंही सांगलीचं घर त्याच पुरात बुडालं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. आज वाटतं, त्या वहीत तो आमच्या प्रत्येकाच्या नावापुढं एक आकडा लिहीत होता.

मार्चमध्ये त्यानं काकांच्या चार एलपी पेनड्राइव्हवर उतरवून देतो म्हणून नेल्या आणि सांगितलेल्या दिवशी, पुसून, नव्या पाकिटांत घालून परत आणून दिल्या. फुकट. मग काय, रांग लागली.

जुलैत फोन आला. रात्री साडेनऊला, बाहेर धो धो पाऊस. “सर, निपाणीत एक वाडा मिळालाय. तंबाखूवाल्यांचा. पोरांना विकून मोकळं व्हायचंय. बारा एलपींचा गठ्ठा आहे.” मग जरा थांबून, “तुमची मन्सूर आहे त्यात.” गठ्ठ्याचे बावीस हजार. पाच हजार आत्ता पाठवायचे, नाहीतर उद्या मुंबईचा डीलर उचलतोय. आणि शेवटी, “सर, बैठकीत कुणाला बोलू नका. बातमी फुटली की भाव चढतो.”

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. वकीलसाहेबांना ऑगस्टच्या बैठकीत कसा धक्का देतो, याचं चित्र डोळ्यांपुढं आलं. पैसे पाठवताना स्क्रीनवर वेगळंच नाव आलं, तर “मेव्हण्याचं खातं आहे” म्हणाला. ते नाव पिन टाकायच्या आधी दिसतं, ते उगाच दिसत नाही, एवढं मी आता शिकलोय.

दोन दिवसांनी स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका लॉजवर गेलो. “निपाणीहून थेट आलोय, रूमवर ओल आहे म्हणून इथं उतरलो.” पलंगावर सुटकेसमधला छोटा प्लेअर मांडलेला. रेकॉर्डी सगळ्या कोऱ्या पांढऱ्या पाकिटांत. जॅकेट्स वाळवीनं खाल्ली होती, टाकून दिली, म्हणाला. कोल्हापूरच्या पावसात राहणाऱ्या माणसाला वाळवी आणि बुरशीची गोष्ट पटवावी लागत नाही.

त्यानं मन्सूर काढली. लेबल दाखवलं. दुसरी बाजू लावली.

आवाज आला आणि मी पलंगाच्या कडेवर बसलो. त्या बारक्या स्पीकरमधूनही बाबांची खोली आली, आरामखुर्ची आली. विलंबित संपत आलं. आणि द्रुत सुरू व्हायच्या जरा आधी, टिक्. मग टिक्. टिक्. आडवा ओरखडा असला की असं होतं. एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद, आणि दर फेरीला सुई त्या ओरखड्यावरून जाते. मी सवयीनं मोजले. सात. सातवा थोडा मोठा.

मला माहीत होतं. वकीलसाहेबांच्या एलपीवर त्याच जागी सात टिक् आहेत. दरवर्षी ऐकतो. सातव्याला काका ‘व्वा’ म्हणतात, ही आमच्याकडची जुनी चेष्टा आहे. पण त्या पलंगावर बसून मी स्वतःची काय समजूत घातली असेल? की दोष साच्यातला असणार! ज्या धातूच्या साच्यावरून रेकॉर्डी छापतात त्यालाच डाग असेल तर त्यातून निघणाऱ्या सगळ्या प्रतींवर तो उतरतो. हे खरं आहे, होतं असं. मी इतका जाणकार होतो, की चोराच्या वतीनं वकिली मीच केली. वकीलसाहेबांची ती एलपी त्याच आठवड्यात पेनड्राइव्हसाठी त्याच्याकडं गेली होती. तेही मला माहीत होतं.

मी सतरा हजार दिले, पाचशेच्या चौतीस नोटा. “सर, परत एकदा मोजता का? दोन चिकटल्यासारख्या वाटतायत.” मी खाली मान घालून मोजत होतो तेवढ्यात त्यानं गठ्ठा बांधला. पुठ्ठा, वरून प्लॅस्टिक, वरून तपकिरी टेप, फेऱ्यांवर फेऱ्या. “पाऊस आहे सर, घरी जाईपर्यंत उघडू नका.” अदलाबदल तेव्हाच झाली.

घरी बायको म्हणाली, “अहो, ही चपात्यांची चवड कुठनं बांधून आणलीत?” टेप कापायला दहा मिनिटं लागली. मन्सूरचं पाकीट काढलं, रेकॉर्ड दिव्याखाली धरली आणि अंगठ्याचं नख लेबलाच्या कडेला अडकलं.

खऱ्या रेकॉर्डीवर ते अडकत नाही. लेबल मागाहून डिंकानं चिकटवत नाहीत. रेकॉर्ड दाबताना गरम प्लॅस्टिकबरोबर कागद एकजीव होतो. इथं चकचकीत कागदावर काढलेली रंगीत प्रिंट गोल कापून जुन्या लेबलावर डकवली होती. मधल्या भोकाभोवती कात्रीचे कोन दिसत होते. मग बघितला लेबलाभोवतीचा गुळगुळीत कोरा पट्टा. डेड वॅक्स म्हणतात त्याला. तिथं बारीक अक्षरात छापखान्याचा क्रमांक उमटवलेला असतो. लेबलावरच्या क्रमांकाशी त्याचा काही मेळ बसेना. हे बघायचं असतं हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. नव्या पोरांना मीच शिकवतो.

तरी लावली. एक गोरा माणूस अतिशय सावकाश, स्पष्ट उच्चारात विचारत होता, “हाऊ डू यू डू?” मग मी उत्तर द्यावं म्हणून थोडी शांतता. इंग्रजी शिकवायची रेकॉर्ड. बाकीच्या अकरांत तीन तडकलेल्या, काही पापडासारख्या वाकलेल्या. फोन बंद.

इथून पुढं जे केलं त्याची मला पैशांपेक्षा जास्त लाज वाटते. एकोणीस दिवस मी कुणाला काही बोललो नाही. बायकोला ‘माल जरा खराब निघाला’ एवढंच. ऑनलाइन पैसे गेले की १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. वेळेत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. ते पाच हजार तरी कदाचित वाचले असते. पण फोन लावायचा म्हणजे मोठ्यानं सांगायचं, मी, या वयात, स्वतःच्या कानांनी ऐकून फसलो म्हणून.

ऑगस्टच्या बैठकीत सगळे भलतेच गप्प होते. वकीलसाहेबांनी कुणाला मध्येच टोकलं नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं. तोंड फोडलं इंजिनिअरिंगच्या पोरानं, आमच्यातला सगळ्यात लहान. भडंगाच्या बशीकडं बघत म्हणाला, “काका, तुम्हाला पण निपाणीच काय?”

“कसलं निपाणी?” म्हणालो मी. मग हसूच फुटलं, रडल्यासारखं. पोराचे नऊ हजार, डॉक्टरांचे साडेसोळा, वकीलसाहेबांचे चौदा, वर उतरवायला दिलेल्या त्यांच्या तीन एलपी. माझे धरून साडेएकसष्ट हजार. वाडा तोच, तंबाखूवाले तेच, मुंबईचा डीलर तोच. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या हरवलेल्या रेकॉर्डीचं नाव सांगितलेलं आणि प्रत्येकाला बजावलेलं, बैठकीत बोलू नका. चौघं एकाच शहरात, महिन्याला एका सतरंजीवर बसणारे. एकानं जरी शेजारच्याला विचारलं असतं तरी संपलं होतं. डॉक्टरांना तर पुरात गेलेल्यातलीच एक कबूल केली होती. ते पैशांबद्दल काही बोलले नाहीत. “सांगलीचं घर बुडालं म्हणाला होता,” एवढंच दोनदा म्हणाले.

आता आम्ही काय बदललंय ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. जो उसनी नेतो त्याच्याकडून विकत घ्यायचं नाही. लावून बघितलेली रेकॉर्ड प्लेअरवरून आपल्या हातानं उचलायची, आपल्या पाकिटात, आपल्या पिशवीत. पैसे त्यानंतर. कुणी ‘परत मोजा’ म्हणालं तर पिशवी पायांत धरून मोजायचे. नख आणि डेड वॅक्स हे तर आहेच. आणि ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हणालं, की त्याच रात्री सगळ्यांना फोन. या नियमामुळे गेल्या महिन्यात रात्री अकराला काकांचा फोन आला होता, त्यांना गडहिंग्लजला एक ग्रामोफोन दिसला म्हणून. असो.

शेवटी चौघं मिळून पोलिसांत गेलो. “रेकॉर्डी गेल्या,” म्हटल्यावर हवालदारांनी विचारलं, “कसलं रेकॉर्ड? सात-बाराचं?” मग समजावून सांगितलं. माणूस चांगला होता. त्याच्या आजोबांकडं ग्रामोफोन होता म्हणे. फसवणुकीचं जुनं चारशे वीस आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, हे वकीलसाहेबांनी नेहमीप्रमाणे मध्येच सांगितलं, आणि ते पुन्हा माणसांत आले म्हणून आम्हाला बरं वाटलं. चोरीला गेलेल्या वस्तूंच्या यादीत मन्सूरची एलपी आली तेव्हा हवालदार म्हणाले, “हिला काही ओळखीची खूण? अशा काळ्या रेकॉर्डी तर सगळ्या सारख्याच दिसणार.”

वकीलसाहेब विचार करायला लागले. त्यांच्या आधी मीच बोललो.

हवालदारांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं, आणि लिहून घेतलं. ‘दुसऱ्या बाजूस, मध्याच्या पुढे, सात वेळा टिक् असा आवाज येतो. सातवा मोठा.’