‘सीट पक्की, फी परत’: बीडीएसच्या शिष्यवृत्तीच्या नावाने आमचे पावणेदोन लाख कसे गेले

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की लातुरातल्या पोरांचे फोन नंबर कुठून कुठे पोचतात, कोण जाणे. पप्पांचा नंबर माझ्या क्लासच्या प्रवेशअर्जाशिवाय कुठेही दिलेला नव्हता. तरी सीट मिळवून देतो म्हणणाऱ्या एका ‘सर’चा पहिला फोन आला तेव्हा त्यांना माझं नाव, मार्क, कॅटेगरी, सगळं ठाऊक होतं. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण पोलिसांकडे आहे. शिवाय त्यांनी सांगितलेलं नाव खरं होतं की नाही, हेही अजून ठरलेलं नाही.

ते वर्ष २०२४. आठवत असेल, ४ जूनला निकाल लागला आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले. मग पेपरफुटीचा गोंधळ, कोर्टबाजी, आणि त्यात लातूरचंही नाव आलं. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने फेरपरीक्षा नाही म्हणून सांगितलं, २६ जुलैला सुधारित निकाल आला. तोपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या लटकलेल्या. कटऑफ कुठे जाईल हे क्लासच्या सरांनाही सांगता येईना. एमबीबीएस लागणार नाही हे मला कळलं होतं. बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, लागेल की नाही, एवढाच प्रश्न होता. अशा अधांतरी महिन्यांत घरातली माणसं कुणाचंही ऐकून घेतात, आणि या मंडळींचा हंगाम तोच असतो.

दुसरी गोष्ट नेमकी त्याच वेळी घडली. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा शासन निर्णय निघाला: आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. आधी निम्मी माफ होती. पेपरात, गावातल्या पारावर, सगळीकडे ‘मुलींना मोफत शिक्षण’. आम्ही ओबीसी, पप्पांची साडेचार एकर कोरडवाहू. म्हणजे योजना आमच्यासारख्यांसाठीच होती आणि खरी होती. हे मुद्दाम सांगते, कारण त्या माणसाने आम्हाला खोटी योजना विकलीच नाही. खरीच विकली.

त्याने व्हॉट्सॲपवर शासन निर्णयाची पीडीएफ पाठवली. अस्सल, सरकारी संकेतस्थळावरची. पहिल्या पानावर पिवळ्या रंगाने खुणा केलेल्या: १०० टक्के, खाजगी विनाअनुदानित, वैद्यकीय शिक्षण विभाग. म्हणाला, ‘दादा, कॅप राउंडच्या नादाला लागू नका, यंदा मार्क फुगलेत, पोरगी राहील. मॅनेजमेंटमधनं सीट पक्की करून देतो. फी जास्त आहे, पण ती शासन भरणार. तुम्हाला फक्त शिष्यवृत्तीची अनामत भरायची, मंजुरी आली की परत.’ नोंदणीचे २५ हजार आणि अनामत दीड लाख.

त्याच शासन निर्णयात पुढे अटी आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश वगळलेले. त्या ओळीवर अर्थातच पिवळा रंग नव्हता. ज्या सीटसाठी तो पैसे मागत होता, त्या सीटला ती योजना लागूच होत नव्हती. सगळी फसवणूक या एका ओळीत आहे. बाकीचा तपशील दर वर्षी बदलेल, ही ओळ नीट वाचून ठेवा.

आता ‘मॅनेजमेंटची सीट पक्की’ म्हणजे काय तेही सांगते, कारण गावाकडे अजून वाटतं की संस्थाचालकाला भेटलं, पाकीट दिलं की झालं. देशात बीडीएसचा प्रवेश नीटच्या गुणवत्तेशिवाय होत नाही. राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश राज्य सरकारचा सीईटी सेल करतो, अभिमत विद्यापीठांचे केंद्राची समुपदेशन समिती एमसीसी. खाजगी कॉलेजातल्या मॅनेजमेंटच्या, म्हणजे संस्था कोट्याच्या जागासुद्धा नीटच्या गुणांवरच भरायच्या असतात, फक्त त्यांची फी कितीतरी पट असते. या कोट्याला मुलं ‘आयक्यू’ (इन्स्टिट्यूट कोटा) म्हणतात. तेव्हा फोनवरचा कुणी माणूस सीट ‘पक्की’ करतो म्हणजे तो तुमच्याच मार्कांवर तुम्हाला मिळू शकणारी महागडी जागा तुम्हालाच विकतो. त्याला दुसरीकडून काय सुटत असेल याचा अंदाज मला आहे, पुरावा नाही, म्हणून लिहीत नाही.

पैसे दोन टप्प्यांत गेले. पहिले २५ हजार फोनवरून. दीड लाखासाठी आईची बोरमाळ बँकेत ठेवली. खातं ‘कन्सल्टन्सी’चं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं बचत खातं होतं; ‘जीएसटीच्या भानगडीमुळे’ असं कारण मिळालं. चार दिवसांत मंजुरीपत्र आलं. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मध्ये माझं नाव आणि ‘शिष्यवृत्ती मंजूर’. तेव्हा माझा प्रवेशसुद्धा झालेला नव्हता! शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचा असतो. आधी कॉलेजचा क्लार्क तो तपासतो, मग प्राचार्य, मग विभाग. त्याला कॅपचं अलॉटमेंट लेटर जोडावं लागतं, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल लागतं. प्रवेशाआधी कुणाला काही मंजूर होतच नाही, आणि अर्जाला अनामत नावाचा प्रकारच नाही. पैसे येतात ते आधारला जोडलेल्या खात्यात, मधल्या माणसाच्या हातून नाहीत.

उलगडा झाला तो पत्रात लिहिलेल्या कॉलेजात आम्ही स्वतः गेलो तेव्हा. ‘सीट बघून या’ असं त्याने सुचवलं नव्हतं, उलट ‘आत्ता जाऊ नका, मॅनेजमेंट चिडेल’ म्हणाला होता. शिष्यवृत्ती विभागातल्या बाईंनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आयक्यूची सीट असंल तर हिला माफी नाही बघा, दादा. आणि हे पत्र आमचं नाही, सरकारचंही नाही.’ तिथेच बसून त्यांनी मला सीईटी सेलच्या साईटवर लॉगिन करायला लावलं. पासवर्ड त्याच्याकडे होता, ओटीपी मात्र माझ्याच फोनवर येत होता, त्यामुळे पासवर्ड बदलता आला. आत पाहिलं तर माझ्या नावाने पसंतीक्रम भरून ठेवलेला, सगळे पर्याय संस्था कोट्याचे. अजून लॉक केलेला नव्हता. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. फेरीची मुदत संपायला फार वेळ उरला नव्हता. मी पसंतीक्रम नव्याने भरला, आणि पुढे कॅपमधूनच मला बीडीएसची सीट लागली. म्हणजे ‘कॅपमध्ये पोरगी राहील’ हेही खोटं.

पैशांचं मात्र तसं झालं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पण तोवर खात्यातली रक्कम पुढे गेली होती. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर ते गोठवता येतात. आम्हाला कळेपर्यंत आठवडे उलटले होते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला: पावती आहे का? होती. मागितल्यावर त्याने लगेच दिली होती. तिच्यावर छापलं होतं ‘प्रवेश समुपदेशन शुल्क, परतावा नाही’. तोंडाने अनामत, कागदावर समुपदेशन. हवालदार म्हणाले, हा तर दिवाणी वाद झाला, वकील गाठा. व्हॉट्सॲपवरचे मेसेज आपोआप नाहीसे होणारे, व्हॉइस नोट्स गेलेल्या.

कामी आली ती बँकेची स्लिप. दीड लाख एनईएफटीने पाठवताना बँकेतल्या बाबूंनी ‘कारण लिहा’ म्हटलं आणि पप्पांनी आपल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मुलीच्या शिष्यवृत्तीची अनामत’. त्या स्लिपवर आणि बनावट मंजुरीपत्राच्या प्रिंटवर अखेर गुन्हा नोंदला गेला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली, म्हणजे पूर्वीचं ४२०. त्यामुळे कुणालाही पैसे देताना कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहा, फोनवरच्या व्यवहारातही, आणि चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा.

माफी मिळाली म्हणून सगळं फुकट होतं असंही समजू नका. ती शिकवणी आणि परीक्षा फीपुरती. पहिल्या वर्षापासून मेण कोरायची हत्यारं, ॲप्रन, पुस्तकं, पुढे हँडपीस (दात कोरायचं यंत्र) आणि पेशंटवर वापरायचं सामान, हे सगळं आपल्याच खिशातून. वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणासाठी ओबीसींची सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिचा अर्ज वेगळा. उरलेल्यासाठी पप्पांनी सरकारी बँकेत कर्जाची चौकशी केली. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, चार लाखांपर्यंत आपला हिस्साही भरावा लागत नाही, हे तिथे फुकट सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना आली. ती निवडक संस्थांनाच लागू आहे, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला तिची व्याजसवलत मिळत नाही. पण नाव नवं आहे, कानावर पडलेलं आहे.

गेल्या जूनमध्ये माझ्या मावसभावाला फोन आला. नंबर वेगळा, पीडीएफ पीएम विद्यालक्ष्मीची, पिवळ्या खुणा केलेली. अनामत आता दोन लाख झाली आहे.