वाकलेली चासी: सरळ करायची, जोड द्यायचा, की नवीच बांधायची?

जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरची (गाडीमागे ओढायच्या, चाकांवरच्या घराची) शेपूट, म्हणजे चासीचं (डब्याखालच्या लोखंडी सांगाड्याचं) मागचं टोक, लोंबलेली दिसली की वेल्डर लगेच जॅक काढतो. त्याला थांबवा. आधी दोरी आणि दाभण घ्या.

चासीच्या लांब चॅनलच्या (खाचेच्या आकाराच्या लोखंडी तुळईच्या) खालून पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणा. शेपूट खाली गेली असेल तर ॲक्सलपाशी (चाकांच्या आसापाशी) दोरी आणि लोखंडात फट दिसते. ती मोजून ठेवा. मग वाकाच्या आसपास दाभण टोचत जा. पापुद्रे सुटले किंवा दाभण आत शिरलं, तर सरळ करण्याचा पर्याय तिथेच बाद. गंजलेलं लोखंड दाबून सरळ होतं खरं, पण टिकत नाही.

लोखंड निरोगी आहे आणि वाक धक्क्याने किंवा मागे लादलेल्या ओझ्याने आलाय, तर सरळ करणं सगळ्यात स्वस्त. खाली भक्कम गर्डर ठेवून चॅनल साखळीने त्याला जखडायचं आणि शेपटीखाली जॅक लावायचा. लोखंड थोडं परततं, म्हणून किंचित जास्तच उचलावं लागतं. मात्र वरच्या डब्याचे बोल्ट आधी सैल करा, नाहीतर पत्र्याचे सांधे उघडतील. नंतर त्या जागी वेल्ड केलेल्या लोखंडी पट्टीचा आधार हवाच, कारण जिथे एकदा वाकलं तिथे पुन्हा वाकतं. पट्टीची टोकं निमुळती ठेवा. चौकोनी कापलेली पट्टी जिथे संपते, नेमका तिथेच पुढचा तडा जातो. चॅनलच्या पाकळ्यांवर (वरच्या-खालच्या सपाट कडांवर) आडवं वेल्डिंग तर नकोच.

गंज फक्त मागच्या भागात असेल (बहुधा बाथरूमची गळती!) तर तेवढा तुकडा कापून नवा जोडणं मला जास्त पटतं. डब्याची मागची जमीन उचकटावी लागते, पण कुजलेलं प्लायवूड तसंही बदलायचंच असतं. जोड ॲक्सलच्या टेकूपाशी येऊ देऊ नका.

नवी चासी म्हणजे डबा आतून आडव्या-तिरक्या आधारांनी बांधून अख्खा उचलणं. गंज पुढून मागपर्यंत पसरला असेल तरच या वाटेला जा. इथे बहुतेकांना जाड लोखंडाचा मोह होतो. ते वाढलेलं वजन ॲक्सलच्या क्षमतेतून वजा होतं. चासी नंबर जुन्या लोखंडावर कोरलेला असेल तर कापण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.

काहीही ठरलं तरी वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, गॅसचं सिलिंडर लांब न्या. चॅनलच्या वर लगेच प्लायवूड आणि फोम असतो. काम संपल्यावरही पाण्याची बादली घेऊन कोणीतरी तासभर तिथेच बसू दे.