निवासी बालसंस्कार शिबिर: शिकवण उत्तम, मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था अपुरी

अमरावती जिल्ह्यातील आमच्या भागात शाळांना उन्हाळी सुट्या लागल्या की मठ, आश्रम आणि भजनी मंडळांची निवासी शिबिरे सुरू होतात. यंदा माझा दहा वर्षांचा मुलगा आणि माझ्या बहिणीची मुलगी अशाच एका मठातील शिबिरात राहून आले. मठाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा मला दिसल्या त्या या परिसरातील अनेक शिबिरांत असू शकतात आणि पालकांनी त्या आपापल्या ठिकाणी तपासून पाहाव्यात, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

शिकवणीबद्दल तक्रार नाही. पहाटेचे सामुदायिक ध्यान, सायंप्रार्थना, खंजेरी, लाठीकाठी, श्रमदान हे सारे शिस्तीत झाले. भाकर, वरण आणि आलू-वांग्याची भाजी पोटभर होती आणि मे महिन्याच्या उन्हात पिण्याच्या पाण्याचे माठ कधी रिकामे दिसले नाहीत. शुल्कही नाममात्र होते. एवढ्यावर थांबायचे असते तर मी पूर्ण गुण दिले असते.

परंतु मुले रात्री कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली झोपतात, हे पाहिल्यावर मत बदलले. मुलांची अंथरुणे सभामंडपात होती आणि त्यांच्याच ओळीत एक प्रौढ सेवेकरी झोपत असे. तो कोणत्या गावचा, पूर्वी कोठे होता, त्याची कधी चौकशी झाली आहे का, असे विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाले, “तो महाराजांचा जुना माणूस आहे, त्याची काय चौकशी करायची?” मुलींच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. त्यांच्यासाठी नेमलेल्या एकमेव सेविकाबाई रात्रीची पंगत आणि भांडी आटोपून आपल्या घरी जात, म्हणजे ज्या वेळी त्यांची खरी गरज होती त्याच वेळी तेथे कोणीही स्त्री नसे. मुलांचे घरच्यांशी फोनवर बोलणे आठवड्यातून एकदा, तेही व्यवस्थापकांच्या खोलीत, त्यांच्यासमोर. अशा वेळी कोणतेही मूल “बरं आहे” यापलीकडे काय सांगणार?

मी स्वतः याच मठाच्या पंगतीत लहानाचा मोठा झालो आहे आणि तेथील माणसांविषयी मला आदर आहे. म्हणूनच हे आग्रहाने लिहितो की सगळा भरवसा माणसांच्या नावावर टाकलेला होता, व्यवस्थेत तो कोठेही दिसत नव्हता. शिबिरात वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडू नये हे रोज सांगितले गेले; मात्र मोठ्या माणसाने अंगाला नको तसा हात लावला, एकट्याला खोलीत बोलावले किंवा ‘कोणाला सांगू नको’ म्हटले, तर ती आज्ञा मानायची नाही, हे एकदाही सांगितले गेले नाही. श्रद्धेच्या ठिकाणी मुलांना ही सूचना शाळेपेक्षाही अधिक लागते, कारण तेथे सांगणाऱ्या माणसामागे देवाचे नाव उभे असते आणि तक्रार करणाऱ्या मुलावर आईवडीलही चटकन विश्वास ठेवत नाहीत.

14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याने, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने, हा धोका ओळखला आहे. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील व्यक्तीने त्याच संस्थेतील बालकावर केलेला लैंगिक अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो आणि त्याची शिक्षाही वाढवतो. असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हा कलम 21 नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीबाबत माहिती दडवल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘मठाची बदनामी नको, आपसात मिटवू’ हा गावकीचा मार्ग त्यामुळे कायद्याने बंद आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे आणि पीडित बालकाचे नाव उघड करण्यास मनाई आहे. व्यवस्थापकांना यातील काहीही ठाऊक नव्हते.

शिबिराइतकीच चिंता मला तेथे बाराही महिने राहणाऱ्या मुलांची वाटली. ही शेतमजुरांची, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांची, काही विधवा मातांची मुले आहेत. एका मुलाच्या पायाची जखम चिघळली होती आणि तीवर अंगारा लावलेला होता. ग्रामीण रुग्णालय मठापासून फार दूर नाही. दुसरा मुलगा झाडलोट आणि गोठ्याच्या कामामुळे बरेचदा शाळेत जात नाही, असे त्यानेच सांगितले. मारहाण नसली तरी ही हेळसांडच आहे. निराधार मुलांना कायम ठेवून घेणाऱ्या संस्थेने 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणीबाबत विचारले असता मला धर्मादाय आयुक्तांकडील विश्वस्त नोंदणीची प्रत दाखवण्यात आली. ती वेगळी गोष्ट आहे. गाडगेबाबांनी याच मातीत उभे राहून लेकरांना शिकवा म्हणून आयुष्यभर सांगितले, तेथे मठातील मूल शाळेबाहेर राहावे, याचे फार वाईट वाटते.

1098 हा मोफत आणि चोवीस तास चालणारा बालसाहाय्य क्रमांक मठाच्या एकाही भिंतीवर नव्हता. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. तिच्या सदस्यांना शिबिरात बोलावलेही गेले नव्हते.

माझे गुण पाचपैकी दोन. या सर्व बाबी मी विश्वस्तांना लेखी दिल्या आहेत. कडी बसवणे आणि क्रमांक रंगवणे त्यांनी तत्काळ मान्य केले. रात्री मुक्कामी दोन स्त्रिया, सेवेकऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मुलांना एकांतात घरी फोन, या तीन मागण्यांवर ‘बैठकीत पाहू’ असे उत्तर मिळाले. त्या मान्य होईपर्यंत आमच्या घरची मुले तेथे दिवसाच्या सत्रांना जातील, मुक्कामाला राहणार नाहीत. पायाला जखम असलेल्या मुलाविषयी आणि शाळा बुडणाऱ्या मुलाविषयी मी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला अर्ज दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे.