ऑपेराला साथ पियानोची की ऑर्केस्ट्राची?

लग्नं, शिष्टाचार आणि दिवाणखान्यातली कुजबुज असलेल्या कादंबरीचा ऑपेरा करायचाय. साथीला एका पियानोवर दोन वादक घ्यावेत की पूर्ण ऑर्केस्ट्रा, असं एकीने विचारलं.

आधी शब्द बघू. अशा कादंबरीची सगळी धार संवादात असते. नकारसुद्धा गोड बोलून दिलेला. पियानोच्या साथीत तो टोमणा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. पाच-सहा जण एकदम वेगवेगळं गात असले तरी प्रत्येकाचा धागा हाती लागतो. ब्रिटिश संगीतकार जोनाथन डव्ह यांचा, जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरचा ऑपेरा ‘मॅन्सफिल्ड पार्क’ (2011) मुळात असाच, चार हातांच्या म्हणजे एका पियानोवर दोन वादकांसाठी लिहिलेला.

न बोललेलं मात्र ऑर्केस्ट्राच सांगतो. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या ऑपेरामध्ये (1879) नायिका तात्याना रात्रभर प्रेमपत्र लिहिते, तेव्हा तिची घालमेल ओबो आणि हॉर्न ही फुंकवाद्यं बोलून दाखवतात. कादंबरीतला निवेदक रंगमंचावर नसतो. त्याची उणीव इथे भरून निघते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. नाचाचे प्रसंगही ऑर्केस्ट्रातच खुलतात.

खर्चाचं उघड आहे: वादक वाढले की तालमी वाढतात.

पात्रं बरीच, रंगत बोलण्यात आणि जागा लहान असेल तर पियानो घ्या. एकाच नायिकेचं मन केंद्रात असेल तर ऑर्केस्ट्रा. पैशांची खात्री नसेल तर सुरुवात पियानोने करा. डव्ह यांनीही वाद्यवृंदाची आवृत्ती नंतरच केली.